आपल्या मापाचा डबा

गेल्या मे महिन्यात माझी भाची अमेरिकेहून यवतला आली. भाची म्हणजे नणंदेची मुलगी. ऑस्टिनला असते, नोकरी करते, आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार तिथल्या लेक ट्रॅव्हिस नावाच्या तलावात घालवते. आल्या दिवशी जेवणं झाली, आम्ही सगळ्या पडवीत पडलो होतो, तेव्हा तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, भिंतीला टेकून सुपारी कातरत होत्या. त्यांनी चष्मा लावला आणि बघायला लागल्या.

व्हिडिओत एक मोटरबोट चाललेली. बोटीच्या मागे पाण्याची एक मोठी लाट उठलेली आणि त्या लाटेवर एका फळीवर आमची भाची उभी. हातात दोरी. बघता बघता दोरी हातातून गेली.

"आगं बया, दोरी सुटली की पोरीची!" आत्याबाईंच्या हातातला अडकित्ता थांबला.

"सुटली नाही आजी, मीच सोडली. दोरी फक्त उभं राहीपर्यंत. मग लाटच पुढं ढकलते."

या खेळाला वेकसर्फिंग म्हणतात. बोटीत मुद्दाम पाण्याच्या टाक्या भरून मागची बाजू जड करतात, म्हणजे मोठी लाट उठते. बोट फार जोरात नसते, ताशी सोळा ते एकोणीस किलोमीटर, आपल्या गावातली सायकलच म्हणा ना. पाण्यात बसून टाचा फळीच्या कडेवर टेकवायच्या, दोरी धरायची, बोट पुढं गेली की फळी तळव्यांना येऊन चिकटते आणि आपण उभे राहतो. अंगात लाइफ जॅकेट. आणि बोट अशीच हवी, की जिचा पंखा मागे बाहेर लोंबत नाही, तर बोटीच्या पोटाखाली असतो. माणूस बोटीच्या इतका जवळ असतो की पंखा बाहेर असलेल्या बोटीमागे हा खेळ खेळायचाच नाही.

मला वाटलं, आत्याबाई आता म्हणणार, "हे काय पोरीच्या जातीला!" पण त्यांनी विचारलं भलतंच.

"ती फळी तुझ्या मापाची कशी काय मिळाली?"

भाची हसायला लागली. म्हणाली, "आजी, बरोबर तिथंच माझं चुकलं होतं."

झालं होतं असं. पहिल्यांदा फळी घ्यायची म्हणून ती दुकानात गेली. तिथं एक लहानशी, पातळ, देखणी फळी होती, निळ्या रंगाची. तिच्या मैत्रिणीकडे तसलीच होती आणि ती तिच्यावर गिरक्या घ्यायची. दुकानदारानं वजन विचारलं, तर हिनं पाच किलो कमी सांगितलं. "सवयच ना मामी! काट्यावर उभं राहताना चप्पल काढतो आपण." खेळ किती येतो विचारल्यावर "बऱ्यापैकी" म्हणाली. म्हणजे दोन्ही उत्तरं खोटी. मग काय, दोन शनिवार-रविवार ती नुसती पडत होती. उभी राहायची, फळी खाली बसायची, लाट पुढं निघून जायची. तिला वाटलं, आपल्याला जमण्यातलं नाही हे.

शेवटी एका मैत्रिणीनं स्वतःची जुनी, जाड, ओबडधोबड फळी दिली. तिच्यावर ती त्याच दुपारी उभी राहिली.

मग तिनं आम्हाला फळीचं गणित समजावून सांगितलं. साठ किलोच्या आतल्या माणसाला साधारण साडेचार फुटांची फळी चालते, साठ ते ऐंशीला पाच फुटांच्या आसपासची, आणि त्याहून जड असेल तर पाच फुटांच्या वरची. कंपनीगणिक थोडा फरक असतो, म्हणून त्या फळीचा वजनाचा तक्ता बघायचा. दोन मापांच्या मध्ये असाल तर नवशिक्यानं मोठं माप घ्यायचं. फळ्यांचे मुख्य प्रकार दोन. एक जाड आणि भरीव, खाली मोठे पर बसवलेली. ती लाटेला धरून राहते, चुका पोटात घालते. दुसरी पातळ आणि निसरडी, खाली अगदी छोटे पर. ती गिरक्या घेणाऱ्यांसाठी. शिकाऊ माणसानं पहिली घ्यावी. आणि शक्य तर विकत न घेता आधी उसनी घ्यावी, कारण सहा महिन्यांत आपली तयारी बदलते आणि मग फळीही बदलावी लागते.

आत्याबाईंनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. म्हणाल्या, "म्हंजे आमच्या डब्यासारखंच की सगळं."

डबा म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, घोडनदीच्या बाजूचं. आमच्या लहानपणी पोहायला शिकायचं म्हणजे विहीर, आणि पाठीला डबा. गोड्या तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा असायचा ना, तो. झाळून तोंड बंद करायचं, सुतळी नाहीतर कासरा गुंडाळायचा आणि पाठीवर बांधायचा. डबा येण्याआधीच्या पिढ्यांनी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधली, कुणी पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधलं. आमच्या वेळी डबा होता आणि ट्रॅक्टरची ट्यूब होती.

मी नऊ वर्षांची होते. हाडाची नुसती काडी. थोरल्या भावाचं शिकून झालं होतं, त्याचा डबा मोकळा होता. मी हट्ट धरला. आई नको म्हणत होती, वडील म्हणाले, शिकू दे. भावानं तोच डबा माझ्या कमरेला आवळून बांधला आणि मला पायरीवरून पाण्यात सोडलं. पुढचं मला आजही आठवतं. कंबर वर आली, पाय वर आले आणि डोकं खाली गेलं. मी जेवढे हात मारले तेवढं डोकं आणखी खाली. नाकातोंडात पाणी. भावानंच उचलून पायरीवर आणलं. वर आले तेव्हा काठावरची पोरं हसत होती आणि कुणीतरी म्हणालं, "हिच्या अंगात पाणीच नाही."

ते वाक्य मी खरं मानलं. पुढं चाळीस वर्षं मी पाण्याला पाय लावला नाही. कॉलेजच्या सहलीला कोकणात गेलो तेव्हा मी वाळूत चपला सांभाळत बसले. लग्न होऊन यवतला आले. इथं खडकवासल्याचा कालवा अगदी जवळून जातो, आम्ही त्याला पाटच म्हणतो. पाटाला पाणी सुटलं की जावा-जावा धुणं घेऊन जायच्या. मी घरी नळाखाली धुवायची. सगळ्यांना वाटायचं मी टापटिपीची. मी भित्री होते.

हे सगळं मी त्या दुपारी पहिल्यांदाच बोलले. आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"डबा कुठं बांधला व्हता? कमरंला?"

"हो."

"पंधराचा?"

"हो."

"मग बुडणार न्हाई तर काय! आगं, बैलाचं जू वासराला घातलं तुझ्या भावानं. तुझं काय चुकलं त्यात?"

मैत्रिणींनो, वयाच्या पन्नाशीत कुणीतरी असं म्हटल्यावर काय वाटतं ते सांगता येत नाही. मी उठून चहा टाकायला गेले, कारण डोळे भरून आले होते.

आत्याबाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. शाळा चौथीपर्यंत. पण माहेरी असताना नऊवारीचा काष्टा मारून विहिरीत मुटका मारायच्या. त्यांच्या चुलत्यानं वाड्यातल्या सगळ्या पोरींना पोहायला शिकवलं होतं. कारण काय, तर पाणी भरायला, धुणं धुवायला बाया जातात, मग बाईला पोहता यायला नको? त्यांचा हिशेब असा होता.

त्या संध्याकाळी त्यांनी डब्याचं शास्त्र सांगितलं आणि भाचीनं इंजिनिअर असल्यामुळे त्याला आकडे लावले. मला ते इतकं पटलं की इथं लिहून ठेवते.

पाण्यात बुडालेलं माणसाचं अंग मुळात फारसं जड नसतं. छातीत श्वास भरलेला असेल तर बहुतेक माणसं जेमतेम तरंगतात किंवा जेमतेम बुडतात. अडचण असते ती डोक्याची. डोकं चार-पाच किलोचं, आणि आपल्याला ते पाण्याच्या वर हवं असतं. तेवढं उचलायला मोठ्या माणसाला साधारण तीन ते साडेपाच किलोचा आधार पुरतो. आणि हवेनं भरलेला एक लिटरचा डबा पाण्यात जवळजवळ एक किलो उचलतो. म्हणजे मोठ्या बाईला पाच लिटरचा कॅन पुरे. नऊ वर्षांच्या पोरीला दोन-तीन लिटरचा. माझ्या कमरेला पंधरा लिटरचा होता! त्यानं मला उचललंच, पण चुकीच्या टोकाकडून. डबा जिथं बांधाल तो भाग वर येतो. कमरेला बांधला की कंबर वर आणि डोकं खाली. तो बांधायचा पाठीवर वरच्या बाजूला, छातीच्या मागे.

इथं मी एक शंका काढली. म्हटलं, "माझं वजन बहात्तर किलो. जाऊबाई पन्नास किलोच्या. मग मला मोठा डबा लागेल ना?"

आत्याबाई हसल्या. "उलटं हाय ते. पाप्याचं पितर आधी बुडतं. तू लोण्यासारखी वर येशील."

आणि भाची म्हणाली, आजीचं शंभर टक्के बरोबर आहे. चरबी पाण्याहून हलकी असते, हाडं आणि स्नायू पाण्याहून जड. त्यामुळे अंगानं भरलेली बाई पाण्यात सहज तरंगते आणि काटकुळा, कमावलेल्या अंगाचा माणूस खाली जातो. फळीचं मात्र तसं नाही. फळीवर आपण उभे राहतो, सगळं अंग पाण्याच्या बाहेर असतं. तिथं काट्यावरचा किलो न् किलो फळीला उचलावा लागतो, म्हणून तिथं वजन खरं सांगावंच लागतं. पाण्यात शिरलं की मात्र पाणीच आपलं वजन उचलतं. जन्मभर ज्या वजनाची लाज वाटली, ते पाण्यात माझ्या बाजूनं होतं हे ऐकून मला इतकं हसू आलं!

आता हे एवढं सगळं ऐकूनही मी पाण्यात उतरले नसते. उतरले त्याला कारण आहे दोन वर्षांपूर्वीचं.

आमच्या रानात शेततळं आहे. आपल्याकडे आता गावोगाव आहेत, २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आल्यापासून तर जास्तच. शेततळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरतं आणि मग तो इतका निसरडा होतो की पट्टीचा पोहणाराही हातापायांच्या बळावर बाहेर येऊ शकत नाही. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात. शेततळ्याला धरायला काहीच नसतं.

२०२३ च्या उन्हाळ्यात जाऊबाईंचा सहा वर्षांचा नातू चेंडूमागे गेला आणि कुंपणाच्या तुटक्या जाळीतून आत घसरला. आम्ही दोघी पंचवीस पावलांवर भुईमूग वेचत होतो. धावलो. पोर पाण्यात गटांगळ्या खातंय आणि आम्ही दोघी काठावर, दोघींनाही पोहता येत नाही. जाऊबाई उडी टाकायला निघाल्या. मी त्यांचा पदर धरून ठेवला. आजही मला ते स्वप्नात दिसतं. मी आजीला नातवापाशी जाऊ देत नव्हते.

त्या वेळी मागून आत्याबाईंचा आवाज आला, "कॅन टाका! कॅन!" बांधावर मजुरांच्या पिण्याच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन होता, जवळजवळ रिकामा. मी झाकण आवळलं आणि टाकला. पोराच्या अगदी पुढ्यात पडला म्हणून, नाहीतर! त्यानं त्याला मिठी मारली. तोवर पुतण्या ठिबकची जुनी नळी घेऊन धावत आला. एक टोक पोराकडे टाकलं आणि ओढून काढलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. आमच्या घरात तो आधार पाच लिटरचा निघाला.

पोर दुसऱ्या दिवशी खेळायलाही लागलं. आम्ही दोघी मात्र महिनाभर जेवलो नाही धड. बुडणं म्हणजे सिनेमात दाखवतात तसा आरडाओरडा नसतो, हे त्या दिवशी कळलं. पोरानं एक हाकही मारली नव्हती. तोंड पाण्याच्या वर आलं तर श्वास घेणार की हाक मारणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली आणि त्यात लहान मुलं फार. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा म्हणून ठरवला, तो उगाच नाही. आणि लांब कशाला, आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातली गोष्ट. उजनीच्या फुगवट्यात २१ मे २०२४ ला कळाशी आणि कुगावच्या दरम्यान वादळी वाऱ्यानं बोट उलटली. एक जण पोहत काठाला लागले. सहा जण गेले, त्यात दोन लहान मुलं होती. रोजच्या जाण्या-येण्याची बोट. कुणी खेळायला गेलं नव्हतं.

म्हणून भाचीनं जेव्हा "मामी, उद्यापासून विहीर" असं जाहीर केलं, तेव्हा मी नाही म्हटलं नाही.

पाटाला आवर्तन चालू होतं, त्याच्या पाझरानं विहिरीत मे महिन्यातही चांगलं पाणी होतं. दुपारी तीनची वेळ ठरली. गडीमाणसांना त्या बाजूला यायची बंदी. भाचीनं माझ्यासाठी पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा पोशाख आणला होता. सुती पंजाबी ड्रेस पाणी पिऊन जड होतो आणि ओढणी तर गळ्याचा फासच. आत्याबाई काठावर चिंचेखाली खुर्ची टाकून बसल्या. पुतण्या पट्टीचा पोहणारा, त्याला मात्र पायरीवर बसवलं. "काकू, मी डोळे मिटतो," म्हणाला. म्हटलं, "बाबा, तू डोळे तेवढे उघडे ठेव."

पहिले दोन दिवस डबा नाहीच. पाण्यातल्या पायरीवर कंबरभर पाण्यात उभं राहून नुसतं तोंड बुडवायचं आणि बुडबुडे सोडायचे. मग पायरी धरून पाय मारायचे. तिसऱ्या दिवशी पाच लिटरचा कॅन पाठीवर चढला. त्याला रुंद सुती पट्टे, दोन्ही खांद्यांवरून घेऊन छातीवर गाठ, आणि आत्याबाईंनी प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघितली. पायरी सोडताना मी डोळे घट्ट मिटले. नऊ वर्षांच्या त्या पोरीची कंबर परत वर येणार, असं वाटत होतं.

पण वर आली ती छाती. तोंड हवेत होतं. मी श्वास घेत होते! चाळीस वर्षांत कुणी मला सांगितलं नव्हतं, की डबा जागेवर असला तर एवढंच होतं.

आता खरी गंमत पुढं आहे. आत्याबाईंच्या चुलत्याकडे भोपळ्यांची सांगड होती. पोर जसजसं शिकेल तसतसा तो एकेक भोपळा कमी करायचा. आमच्या कॅनला ते कसं करणार? तर आत्याबाई म्हणाल्या, "त्यात तांब्याभर पाणी घाला की." कॅनमध्ये एक लिटर पाणी घातलं की त्याचा आधार पाचाचा चार किलो होतो. दोन लिटर घातलं की तीन. असं दर तीन-चार दिवसांनी लिटरभर पाणी वाढवायचं. दिसायला कॅन तोच, पाठीवर बांधलेला तसाच, मनाला धीर तेवढाच, आणि आधार मात्र हळूहळू कमी. मधे एकदा मी घाईनं दोनाचे एकदम चार लिटर केले, तर पुन्हा घाबरले आणि तीनवर आले. त्यात कमीपणा काही नाही. भाचीनंही निळी फळी बाजूला ठेवून जाड फळी घेतलीच होती ना?

चार लिटर पाणी झालं की थांबायचं. पुढं भरला तर तो नुसता ओझं होतो. अठराव्या दिवशी मी कॅन पायरीवर काढून ठेवला आणि विहिरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत गेले. तीसेक फूट असेल. कुत्रा पोहतो तसं पोहले असेन, पण गेले. पलीकडच्या कपारीला धरलं आणि वर बघितलं. आत्याबाई नेहमीसारख्या सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "आता परत ये. तिकडं काय मुक्काम करतीस?"

एक मात्र बजावून सांगते. डबा किंवा कॅन हे शिकण्याचं साधन आहे, जीव वाचवायची हमी नाही. तो पाठीवर असतो, त्यामुळे घाबरून हातपाय गळाले तर तो आपल्याला उताणं करत नाही, तोंड पाण्यातच राहू शकतं. म्हणूनच लाइफ जॅकेटमध्ये फोम छातीवर जास्त असतो. होडीत, धरणावर जॅकेटच हवं. आणि तेही आपल्या मापाचं. आमच्याकडे मुलाला "वाढत्या अंगाचं" म्हणून दोन मापं मोठं घ्यायची रीत आहे, शर्टाला ती चालते, जॅकेटला नाही.

वाचून कुणाला शिकावंसं, शिकवावंसं वाटलं तर हे ध्यानात ठेवा :

- पोहता येणारं माणूस हाताच्या अंतरावर असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. काठावर दोरी हवीच.

- कॅन फक्त खाण्याच्या तेलाचा किंवा पाण्याचा. औषध फवारणीचा कॅन कितीही धुतला तरी घेऊ नका. झाकण घट्ट बसतं का, ते आधी बादलीत दाबून बघा.

- मोठ्या बाईला पाच लिटर, लहान मुलाला दोन-तीन लिटर. बांधायचा छातीच्या मागे, कमरेला नाही.

- ट्रॅक्टरच्या ट्यूबमधून लहान मूल खाली निसटतं किंवा उलटं होतं. हवेच्या रंगीत बाह्या ही खेळणी आहेत. त्यांच्या भरवशावर मुलाला सोडू नका.

- लाइफ जॅकेटवर किलोचा आकडा असतो, तो बघा. घालून हात वर करा आणि कुणाला तरी खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं होतंय. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवा.

- शिकण्यासाठी शेततळं आणि वाहता पाट कधीच नाही. शेततळ्याच्या चारी बाजूंना गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा आणि दोरी बांधलेला एक रिकामा, झाकणबंद कॅन काठावर कायमचा टांगा.

- कुणी बुडताना दिसलं तर आधी टाका, मग ओढा. पोहता येत नसेल तर उडी घ्यायची नाही. एकाचे दोन होतात.

भाची जूनमध्ये परत गेली. जाताना म्हणाली, "मामी, पुढच्या वेळी तिकडं या. माझी जाड फळी तुमच्यासाठी ठेवते." मी म्हटलं, "मला पाच फुटांचीच लागेल. बहात्तर किलो." खरं वजन सांगितलं. आता लाज वाटत नाही.

भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अगं, मला तरी कुठं माहीत होतं? माझ्या पाठीवरचा काढला आणि तुला बांधला." त्याचं बरोबरच आहे. तेरा वर्षांचा होता तो. आपल्याकडे बऱ्याच गोष्टी अशाच येतात बायकांच्या वाट्याला, दुसऱ्याच्या मापाच्या. सायकल भावाची, खुर्ची नवऱ्याच्या उंचीची, आणि जमलं नाही की "हिच्या अंगातच नाही." आधी माप बघावं, मग माणसाला नावं ठेवावीत.

सध्या आमच्या विहिरीवर दुपारी तीनला चौघी असतात. जाऊबाई आहेत, शेजारच्या दोघी सुना आहेत. जाऊबाई काटकुळ्या, त्यांच्या कॅनमध्ये अजून पाण्याचा थेंब नाही, पण त्यांनी सोडलेलं नाही. नातवाला शिकवायचं आहे त्यांना. त्याच्यासाठी दोन लिटरचा कॅन धुऊन, वाळवून, झाकण बघून ठेवलाय. पट्ट्यांच्या गाठी आत्याबाईच मारणार आहेत.